ड्रायव्हर बदलून राहिले म्हणे

"काऊन जी मॅडम, ड्रायव्हर बदलून राहिले म्हणे?"
शालिक लांजेवार दारात उभा,
हातात व्हॅनची किल्ली, डोक्याला दुपट्टा.
नागपुरात मे महिन्यात, इतवारीतल्या आमच्या पतसंस्थेत
बातमी कूलरच्या वाऱ्याआधी पोचते,
आणि अर्धीच पोचते.

मी म्हटलं, तुम्ही नाही हो.
हा दुसरा. कॉम्प्युटरमधला.
खात्यांच्या कपाटातून पडद्यापर्यंत ये-जा करणारा,
नऊ वर्षांपूर्वी मीच बसवलेला,
त्यानंतर एकदाही हात न लावलेला.
त्यात भोकं सापडलीत.
"कोनाले?"
जगाला.
"मंग आपल्याले काऊन नाई दिसले?"

हेच तर.
या भोकांना क्रमांक आहेत, तारखा आहेत,
कुठून हात घालायचा तेही लिहून ठेवलंय सविस्तर.
म्हणजे मागल्या दाराची कडी मोडली आहे
अशी चिठ्ठी पुढल्या दारावर,
येणारा-जाणारा वाचतो,
घरमालक तेवढा वाचत नाही.

त्याला सांगितलं :
नावाच्या रकान्यात नाव लिहायचं असतं.
सत्यभामा उईके. गुंफा तितरमारे.
कळमन्यात मिरच्यांचे देठ खुडून
रोजचे चाळीस रुपये टाकणाऱ्या बाया.
तिथे कुणी नावाऐवजी हुकूम लिहिला,
सगळी खाती दाखव, सगळी पुसून टाक,
तर हा जुना विचारत नाही.
नाव असो की हुकूम,
मागे बसवतो आणि निघतो.

शालिक थोडा वेळ गप्प. मग,
"सवारी पाहून दार उघडा लागते, मॅडम."

साडेआठला शटर अर्धं ओढून घेतलं.
खात्यांची प्रत काढली. दुसऱ्या डिस्कवर आणखी एक.
कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघावं तशी आणखी एक.
जुना काढला, नवा बसवला,
एक ओळ, अकरा सेकंद,
आणि काहीच उघडेना.

नवा विचारतो, समोरचा सर्व्हर कोण? ओळखपत्र?
अरे, तो आपलाच, कपाटातला,
दर दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवतो आम्ही.
ओळखपत्र कुठलं?
नवा ढिम्म.

दीड वाजता उपाय सापडला.
सेटिंगमध्ये एवढंच लिहायचं :
समोरच्यावर विश्वास ठेव, विचारू नको.
लिहिलं.
धडाधड सगळं चालू, खाती, व्याज, थकबाकी.
पाच मिनिटं मी फार सुखात होते.
मग लक्षात आलं, कूलरमधलं पाणी केव्हाच संपलंय,
पंखा कोरडाच फिरतोय,
आणि मला नुसत्या आवाजानंच गार वाटत होतं.

ती ओळ खोडली.

ओळखपत्र बनवता बनवता चार वाजले.
दोनदा तारीख चुकली.
एकदा सर्व्हरचं नावच चुकलं;
नऊ वर्षं ज्याला 'कपाटातला' म्हणत आले
त्याचं खरं नाव मला आठवेना.

बाहेर आले तर शालिक व्हॅनमध्ये जागा.
गांधीसागराच्या कडेनं निघालो.
रस्ता अजून कालच्या उन्हाचाच.
"तो जुना कुठी गेला जी?"
कुठेच नाही. पुसला.
"नऊ वर्सं पैसा बरोबर पोचवला ना त्यानं?"
पोचवला. पै न् पै.
"मंग?"

मग काय ते मला सांगता आलं नाही.

घराशी उतरताना पिशवी काढायला मागे गेले.
मागल्या दाराची कडी नव्हतीच जागेवर,
दार सुतळीनं बांधलेलं, तीन गाठी.
हे कधीपासून?
शालिक आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला,
"मागच्या सालापासून सांगून राह्यलो जी.
अर्ज बी देल्ला."